मॅच हरल्यावर भाकरी का उतरत नाही? (अनुभव धागा)

संघ जिंकला म्हणून आपल्या सातबाऱ्यात गुंठाभर भर पडत नाही, हरला म्हणून कुणी पगार कापत नाही. तरी मागे एकदा हरलो तेव्हा ताटातली शेवभाजी तशीच राहिली. बायकोने विचारलं, "तुमचं नेमकं काय गेलं?" मला उत्तर सुचलं नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या वेड्यांनो, तुम्हीच सांगा. क्रिकेटच पाहिजे असं नाही. तत्त्वज्ञान नको, घडलेलं लिहा.

चाळीसगावहून
मग कुस्तीचं लिहितो. आमच्या तालुक्यातला विजय चौधरी 2014, 2015, 2016 अशी लागोपाठ तीन वर्षं महाराष्ट्र केसरी झाला. कुस्ती म्हटली की लोकांना कोल्हापूर, सांगली, पुणे आठवतं. खान्देशातला मल्ल म्हणजे जत्रेत नारळावरची कुस्ती खेळणारा, असं बाहेरच्यांनी धरूनच ठेवलेलं. तिसऱ्या वर्षीची फायनल पुण्यात वारज्याला होती, समोर पुण्याचाच अभिजित कटके. आम्ही चौघं टपरीवर एका मोबाइलभोवती. आबांना डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून ते कान लावून बसलेले. विजय जिंकला तसे टपरीवाल्याला म्हणाले, "आपला पोऱ्या शे तो." त्यांची आणि विजयची काडीची ओळख नाही! घरी येताना गाडीवर मागे बसून त्यांनी सांगितलं की तरुणपणी ते तालमीत जायचे, पण घरावर कर्ज होतं, खुराक परवडेना, म्हणून लंगोट सुटला. हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

रावेरहून
19 नोव्हेंबर 2023, वर्ल्ड कपची फायनल. ऑस्ट्रेलियाला 241 हवे होते, 47 वर तीन गेले. मी दिवाळीचे उरलेले फटाके अंगणात मांडले. मग ट्रॅव्हिस हेडने 137 ठोकले. फटाके गुपचूप माळ्यावर. रात्री केळीला पाणी द्यायला गेलो (तेव्हा आमच्याकडे वीज रात्रीची होती), तर शेजारच्या बांधावर शेजारी बॅटरी घेऊन उभा. वर्षभर आमचं बांधावरून बोलणं बंद होतं. तो म्हणाला, "टॉस हरलो तिथंच गेली भो." तासभर बोललो. बांधाचा विषय अजून मिटलेला नाही, पण क्रिकेटवर बोलतो.

नंदुरबारहून
@रावेर, त्या फटाक्यांचं काय झालं?

रावेरहून
29 जून 2024 ला बार्बाडोसला टी-20 वर्ल्ड कपची फायनल सात धावांनी जिंकलो तेव्हा काढले. सादळले होते. नुसता धूर.

भुसावळहून
वडील रेल्वेत. 25 जून 1983 ला वर्ल्ड कप फायनलमध्ये मध्यरात्री वेस्ट इंडिजचा 140 वर खुर्दा झाला, तेव्हा क्वार्टरमधल्या एकाच रेडिओभोवती सगळी लाइन जमली होती, हे ते नेहमी सांगतात. पण त्याहून रंगवून सांगतात ती त्याच वर्ल्ड कपमधली झिम्बाब्वेविरुद्धची कपिलची नाबाद 175. 9 वर चार गेलेले, कपिल कसा चालत आला, कुठल्या बाजूला षटकार मारले, सगळं. त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी फक्त पेपर वाचला होता. मी कधी टोकलं नाही.

पारोळ्याहून
मला यातलं काही कळत नाही. नवरा एका जागेवरून उठू देत नाही, "तू हललीस की विकेट जाते" म्हणतो. एकदा दूध उतू गेलं. तेही माझ्याच नावावर.

धुळ्याहून
2 नोव्हेंबर 2025, महिलांच्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल, नवी मुंबई. सासूबाई माळ ओढत बसलेल्या, टीव्हीकडे लक्ष नाही असं दाखवत. शफालीने 87 केले तेव्हा माळ थांबली. मग विचारलं, "ह्या पोरी लगीन व्हयनं तरी खेळतस?" म्हटलं, हो, काही खेळतात. सासूबाई स्वतः शाळेत कबड्डीत होत्या, आठवीत लग्न झालं. दीप्तीची पाचवी विकेट पडली तेव्हा मध्यरात्र झाली होती. एरवी नऊला झोपणारी बाई. हरमनप्रीतने झेल घेतला, आम्ही सगळे ओरडलो, त्या शांत. दिवा मालवताना मला हळूच म्हणाल्या, "पुढली मॅच कधी शे?"