जपानी हॉटेलात पुन्हा निराशा. ऑर्डर देण्याआधी काय विचारून घ्यावं?

मुग्धा_कोथरूड

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं नागोयाजवळ राहिलो. लेकीची शाळा तिथेच सुरू झाली. पुण्यात परत आल्यापासून तिला तिथल्या जेवणाची फार आठवण येते, म्हणून गेल्या रविवारी सासूबाईंना घेऊन सगळे एका जपानी हॉटेलात गेलो. नाव लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये. पण मन इतकं खट्टू झालंय की इथे विचारल्याशिवाय राहवत नाही.

आधी सुशीचं सांगते. निगिरीचा, म्हणजे माशाच्या तुकड्याखालच्या भाताच्या मुटक्याचा, भात गारठोण होता. बोटाने दाबला तर शितं मोकळीच होईनात, आणि व्हिनेगरचा तर वासही नाही. ट्यूनाच्या तुकड्याखाली गुलाबीसर पाण्याचं थारोळं साचलेलं. लेकीने एक खाल्ली आणि बशी हळूच बाबाकडे सरकवली. टेम्पुरा ठीक होता. एडामामे, म्हणजे उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा, चांगल्या होत्या.

पण खरी गोष्ट सूपची. सासूबाई पक्क्या शाकाहारी. मेन्यूत मिसो सूपपुढे (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) हिरवा ठिपका होता, तरी मी वेटरला दोनदा विचारलं. "हो मॅडम, प्युअर व्हेज, टोफू आणि वाकामे आहे फक्त." वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ, ते चालतं. वाटीचं झाकण काढलं आणि कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या कापांचा, वास आला. तिकडे रोज सकाळी तोच वास माझ्या स्वयंपाकघरात असायचा, मला तो कसा चुकेल? मी सासूबाईंचा हात धरला. आत जाऊन विचारून आल्यावर वेटर म्हणतो, "मासा नाही घालत मॅडम, रेडिमेड पावडर असते." अहो, पण ती पावडर कशाची? त्याला ते माहीतच नव्हतं, आणि मला वाटतं किचनमध्येही कुणी पाकीट उलटून वाचलेलं नसावं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्यांनी साध्या भातालाही हात लावला नाही.

चौघांचं बिल ६,०००च्या वर गेलं. पैशांचं वाईट वाटतंच, पण त्याहून जास्त वाटतं ते बेफिकिरीचं. महागडा मासा नाही मिळाला तर समजू शकते. भात आणि सूप तर नीट करता येतं ना? की पुण्यात ही अपेक्षाच जास्त आहे? आणि आधी काय विचारलं म्हणजे अंदाज येईल?

तवा_तेल

मुग्धाताई, मी मुंबईत एका जपानी किचनमध्ये काम केलंय, आता पुण्यात केटरिंग करतो. तुमची अपेक्षा अजिबात जास्त नाही.

भात गार होता याचा अर्थ तो फ्रिजमध्ये ठेवलेला होता. हा आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ. शिजल्यावर गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ कालवायचं, वारा घालायचा आणि साधारण अंगाइतका कोमट असताना वापरायचा. फ्रिजमध्ये गेला की त्यातला स्टार्च आवळतो आणि शितं टणक होतात, मग तो परत पहिल्यासारखा होत नाही. कोमट भात कापडाखाली झाकून काही तास टिकतो. पण गिऱ्हाईक कमी असलं की उरलेला टाकून द्यायचा जीव होत नाही, तांदूळ महाग असतो. मग दुपारचा संध्याकाळी चालवतात.

ट्यूनाबद्दल एक सांगतो. फ्रोझन असणं हा दोष नाही. कच्चा खायचा मासा परजीवी मरावेत म्हणून उणे २० अंशांवर ७ दिवस ठेवायची पद्धत आहे, आणि खुद्द जपानमध्ये ट्यूना उणे ६० अंशांत साठवतात. गडबड होते ती बर्फ सोडवताना. रात्रभर फ्रिजमध्ये, कागदात गुंडाळून सावकाश सोडवायला हवा. घाईने ओट्यावर काढून ठेवला की तुम्ही पाहिलंत तसं पाणी सुटतं आणि चव त्या पाण्याबरोबर जाते.

विचारायचं असेल तर एवढंच विचारा: "सुशीचा भात आज किती वाजता लावला?" चांगल्या जागी लगेच उत्तर मिळतं. आणि शक्यतो काउंटरवर बसा, हात कुठे जातो ते दिसतं.

निशिकसाईकर

तोक्योतल्या एदोगावा भागात राहतो, आजूबाजूला आपली पुष्कळ मंडळी आहेत. सूपचा अनुभव इथे प्रत्येक शाकाहारी घराला येतो. "मांस नको, मासा नको" असं सांगितलं तरी दाशी, म्हणजे बहुतेकदा माशापासून केलेलं सूपचं मूळ पाणी, येतेच, कारण स्वयंपाक्याच्या लेखी तो मासा नसतो, ते पाणी असतं. आई इथे आली तेव्हा सोबा आणि उडोन नूडल्स, भाजीचं निमोनो (रस्सा), सगळीकडे तेच. शेवटी आम्ही तिला कोयासान या बौद्ध मंदिरांच्या डोंगरावर घेऊन गेलो. तिथल्या मंदिरांत मुक्काम करता येतो आणि शोजिन र्योरी मिळतं, म्हणजे भिक्षूंचं संपूर्ण शाकाहारी जेवण. दाशी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि सुक्या शिटाके मशरूमची. आई तृप्त होऊन जेवली, कोया-दोफूची (गोठवून सुकवलेल्या टोफूची) कृती विचारून आली.

पण तुमचा राग रास्तच आहे. इथल्या काकूंना शाकाहार म्हणजे काय ते ठाऊक नसतं. पुण्यातल्या हॉटेलाने हिरवा ठिपका छापलाय, त्यांना हे माहीत असायलाच हवं.

ऋजुता_व

थोडं वेगळं मत. आम्हा मैत्रिणींना चीज आणि मेयो घातलेले रोल आवडतात. जपानला न गेलेल्या माणसाने तिथल्या चवीशी तुलना का करावी? हॉटेलवालेही आमच्यासारख्या गिऱ्हाइकांवरच चालतात.

मुग्धा_कोथरूड

ऋजुता, रोलबद्दल माझी काहीच तक्रार नाही. सॅमन सुशी तरी जपानमध्ये जुनी कुठे आहे? १९८०च्या दशकात नॉर्वेवाल्यांनी तिथे नेटाने सॅमन खपवायला घेतला तेव्हापासूनची ती. पदार्थ बदलतात, बदलू देत. पण टणक भात तुमच्या रोलमध्येही टणकच लागणार, आणि पैसे तुम्हीही तेवढेच मोजता.

तवा_तेल, निशिकसाईकर, मनापासून आभार. काल मी हॉटेलच्या मॅनेजरला सविस्तर मेल लिहिली. भाताबद्दल दोनच ओळी, बाकी सगळी सूपबद्दल. पावडरच्या पाकिटावरचे घटक वाचा आणि तोवर तो हिरवा ठिपका काढा, एवढीच मागणी केली आहे. बिलाचे पैसे मागितलेले नाहीत. सासूबाईंसारखी किती माणसं ते सूप विश्वासाने पिऊन गेली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तवा_तेल, एक विचारू? आता सूप घरीच करून त्यांना द्यायचं आहे. मिसो मिळाला आहे. शाकाहारी दाशीचं प्रमाण सांगाल का?

तवा_तेल

१ लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार सुके शिटाके रात्रभर फ्रिजमध्ये भिजत ठेवा. कोम्बू धुवू नका, ओल्या फडक्याने नुसता पुसा. सकाळी मंद आचेवर ठेवा, कडेला बारीक बुडबुडे दिसले की कोम्बू काढा, नाहीतर पाणी बुळबुळीत होतं. शिटाके अजून पाच मिनिटं राहू देत, मग गाळून घ्या. टोफू घालून गरम करा, गॅस बंद करा आणि मगच मिसो वाटीभर पाण्यात कालवून घाला, माणशी साधारण एक चमचा. त्यानंतर उकळी येऊ देऊ नका, सुगंध उडून जातो. आणि मिसोच्या पाकिटावरचे घटकही एकदा वाचून घ्या, काहींमध्ये दाशी आधीच मिसळलेली असते.