वेठ, बिगार की लष्करच्या भाकऱ्या?

समाजमाध्यमांवर लिहायचं आपण, फोटो आपले, केरकचराही आपणच काढायचा आणि कमाई कंपनीची. याला कुणीतरी 'डिजिटल वेठबिगारी' म्हटलेलं वाचलं. शब्द बरोबर वाटतो का?

— नाही. वेठ आली संस्कृत 'विष्टि'वरून. बोलावणं आलं की ओझं उचलून चालू लागायचं, नाही म्हणायची सोय नाही. घटनेच्या कलम २३ ने बंदी घातली ती या सक्तीला. फेसबुकवर आपल्याला कुणी धरून नेलेलं नाही. 'बिगार' फारसी 'बेगार'मधून, बिनमजुरीचं काम. गंमत म्हणजे आज बांधकामावरचा बिगारी संध्याकाळी मजुरी घेऊनच घरी जातो!

— सक्ती नाही कशी? जुना रिकॅप्चा आठवा, संकेतस्थळावर पुढे जाण्याआधी आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करायला लावणारी चाचणी. वाकडेतिकडे दोन शब्द दिसायचे. एक यंत्राला ठाऊक असलेला, दुसरा छापील पानावरचा, त्याला न लागलेला. कुठला कोणता ते आपल्याला कळत नसे, म्हणून दोन्ही नीट टाइप करायचे. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक लोकांकडून असे वाचून घेतले. पुढे २००९ मध्ये गूगलने रिकॅप्चा विकतच घेतलं. दार अडवून ओझं उचलायला लावायचं, ही वेठच की.

— तेवढ्यापुरती वेठ मान्य. बाकी सगळ्या लष्करच्या भाकऱ्या. मी एका ग्रुपची अ‍ॅडमिन आहे. रात्री साडेअकराला 'पाच मिनिटांत कर्ज'वाल्या पोस्टी उडवत बसते, तेव्हा सासूबाई हेच म्हणतात.

— भाकऱ्यांमध्ये दुसऱ्याचा गल्ला दिसत नाही हो. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीचे स्वयंसेवक चॅटरूम सांभाळायचे, तेही पाळ्या लावून, अहवाल लिहून. १९९९ मध्ये ते मजुरीसाठी कोर्टात गेले आणि २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. याला भाकऱ्या कसं म्हणणार?

— मग सावड? आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या.

— सावडीत शेत आपलं असतं. गावाने मिळून एकाच्या शेतात राबायचं त्या इर्जिकीतसुद्धा शेतवाला निदान पोटभर जेवू घालतो.

— नामाच्या मागे कशाला लागायचं? क्रियापद घ्या. 'राबणे' म्हटलं की फक्त आपण दिसतो, 'राबवून घेणे' म्हटलं की घेणाराही वाक्यात येतो. 'वापरकर्त्यांना फुकट राबवून घेतात', झालं.

— वाक्यात चालेल, पण मला मथळ्यासाठी हवंय. 'फुकट राबवणूक' लिहिलं तर लोकांना सरकारी योजना वाटायची.