निरनिराळ्या पंथांची सदस्यसंख्या एकाच तक्त्यात मांडावी का?

प्रश्न – तक्तेवाला
अमेरिकेतील ख्रिस्ती पंथांचा तक्ता करत आहे. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या प्रोटेस्टंट पंथाची २०२३ची सदस्यसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख आहे आणि कॅथलिकांची त्याच्या कित्येक पट. तिथल्या जनगणनेत धर्म विचारत नाहीत, त्यामुळे पंथांनी स्वतः दिलेल्या आकड्यांवरूनच टक्केवारी काढली तर चालेल का?

उत्तर – जुनी_वही
चालणार नाही, कारण ‘सदस्य’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक पंथात वेगळा आहे. कॅथलिक चर्च बाप्तिस्मा झालेल्या तान्ह्या बाळालाही मोजते. बॅप्टिस्ट मंडळीत मात्र स्वतः विश्वासाची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतल्याशिवाय नाव चढत नाही, म्हणून सारखीच दोनशे कुटुंबे असली तरी कॅथलिकांचा आकडा मोठा दिसतो. मॉर्मन चर्च आठव्या वर्षी बाप्तिस्मा देते, पण त्याआधीच्या नोंदलेल्या मुलांनाही एकूण संख्येत धरते. यहोवाचे साक्षीदार तर प्रचारकार्य करणाऱ्यांनाच मोजतात: २०२३ मध्ये त्यांची जगभरातील सर्वोच्च संख्या सुमारे ८८ लाख होती, पण त्याच वर्षी त्यांच्या वार्षिक स्मारकविधीला २ कोटींहून अधिक लोक आले होते.

उत्तर – राईनकाठ
नाव चढते कसे याइतकेच ते उतरते कसे, हेही पाहावे. जर्मनीत चर्चकर प्राप्तिकराच्या ८ किंवा ९ टक्के असतो (उत्पन्नाच्या नव्हे, हा घोटाळा नेहमी होतो), आणि तो थांबवायचा तर सरकारी कार्यालयात रीतसर बाहेर पडावे लागते. म्हणूनच २०२२ मध्ये ५ लाख २२ हजारांवर कॅथलिक बाहेर पडले, हे नेमके सांगता येते. जिथे असा कर नाही, तिथे माणूस येईनासा झाला तरी त्याचे नाव वर्षानुवर्षे वहीत राहू शकते. आपल्या सदर्न बॅप्टिस्टांचेच पाहा: २०२३ मध्ये सदस्य १ कोटी ३० लाख, पण आठवड्याच्या उपासनेला सुमारे ४० लाखच येत होते.

तक्तेवाला
म्हणजे निदान एकाच पंथाची वर्षावर्षांची तुलना तरी करता येईल?

जुनी_वही
बहुतांशी येईल. सदर्न बॅप्टिस्ट २००६ मध्ये १ कोटी ६३ लाख होते, ही घट खरीच आहे. मात्र विलीनीकरणे तपासा. १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा जुनी नावे रकान्यातून गेली, माणसे नव्हेत. टक्केवारी हवीच असेल तर लोकांनाच विचारणारी सर्वेक्षणे घ्या. फक्त गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या २०२०च्या सर्वेक्षणात ज्या ४७ टक्के अमेरिकनांनी आपण सदस्य असल्याचे सांगितले, त्यांत सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळे) आणि मशिदींचे सदस्यही आहेत, तेव्हा तो आकडा या तक्त्यात तसाच उचलून ठेवू नका.