मोली, गप्पी आणि आपल्या बोअरचं पाणी

बी-२०३: नमस्कार. विषय सोसायटीच्या पाण्याचाच आहे, पण माशांसाठी. लेकीला काळ्या मोली आणि गप्पी आणून दिल्यात. गप्पी ठीक आहेत. मोली मात्र कालपासून एकाच जागी थांबून अंग हलवालीत, पुढं जाईनात, पर मिटून घेतलेत. टँकमध्ये सगळं आरओचं पाणी आहे. सी-४०१ काका, जरा सांगा की.

सी-४०१: आरओचं पाणी हेच कारण असणार. मोली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल हे अंडी न घालता थेट पिल्लं देणारे मासे. यांना जड पाणी लागतं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं. आरओ नेमकं तेच काढून टाकतो. मोलीला त्याचा त्रास सगळ्यांत आधी होतो, तू सांगतोस तसं डोलणं हे त्याचंच लक्षण. गारठ्यानं आणि अमोनियानंही असं होतं, म्हणून तेही बघूया. पीएच साडेसात ते आठ आणि जडपणा, म्हणजे जीएच, १५ ते २० डिग्री असला की मोली खूश. गप्पी-प्लॅटीला १० पासून पुढं चालतं.

ए-१०२: म्हणजे आपल्या नळांवर पांढरा थर बसवणारं, गिझर खराब करणारं बोअरचं पाणी माशांना चांगलं?

सी-४०१: होय वहिनी, या माशांना चांगलं. तो थर कॅल्शियमचाच. पण घरातल्या नळाचं घेऊ नका. वरच्या टाकीला सॉफ्टनर आहे, तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा जवळपास तेवढाच दिसतो आणि माणूस फसतो. बागेतला नळ थेट बोअरचा आहे, तिथलं घ्यायचं.

बी-२०३: मग आजच सगळं पाणी बदलू?

सी-४०१: अजिबात नको! हे नीट वाच. आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारं काही नसतं, दिवसेंदिवस तो खाली येतो. तशा पाण्यात माशांच्या घाणीतला अमोनिया बराचसा अमोनियम होऊन असतो, त्याचा त्रास कमी. एकदम बोअरचं पाणी ओतलंस की पीएच चढतो, अमोनियम परत अमोनिया होतं आणि ठीक असलेली गप्पी पण रातोरात मरतात. आधी अमोनिया तपासायचा, मग एक दिवसाआड दहा-पंधरा टक्के पाणी बदलायचं. बोअरचं पाणी बादलीत एक दिवस एअर पंप लावून ठेव. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो निघून गेल्यावरच खरा पीएच कळतो.

डी-३०४: मोलीला मीठ घालतात म्हणे?

सी-४०१: मोली खाडीच्या पाण्यातही राहते, त्यामुळे मीठ सोसते. पण मिठानं जडपणा वाढत नाही, आणि टँकमधल्या वनस्पती नि तळाचे कॅटफिश त्यानं खराब होतात. पाणी जड असेल तर मिठाची गरज नाही.

ए-१०२: माझ्या भावाचं घर बेळगावजवळच्या खानापूरला आहे, विहिरीचं पाणी एकदम हलकं. साबणाला लगेच फेस येतो. त्यानं काय करायचं?

सी-४०१: तिकडे जांभा दगड आणि धो धो पाऊस, पाण्यात चुना फारसा उतरत नाही. वेंगुर्ल्याकडचे शिंपले चांगले धुऊन, ठेचून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवायला सांगा. हळूहळू विरघळतात. प्लॅटी-गप्पीला तेवढं पुरतं, मोली मात्र तिथं नकोच.

डी-३०४: आणि कॉर्पोरेशनचं पाणी? राकसकोपचं?

सी-४०१: ते धरणाचं, बोअरपेक्षा हलकं. त्यात क्लोरीन असतं, म्हणून अँटीक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय टँकमध्ये घालायचं नाही.

बी-२०३, हीटर आहे का रे?

बी-२०३: नाही काका. बेळगावात कशाला लागतोय म्हणून घेतला नाही.

सी-४०१: बेळगावातच लागतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ च्या खाली जातो आणि लहान टँकचं पाणी पहाटे हाताला गार लागतं. यांना २४ ते २७ डिग्री पाहिजे. लिटरला साधारण एक वॅट धरून थर्मोस्टॅटवाला हीटर घे. आणि पुढं पिल्लं खूप झाली तर ग्रुपवर सांग, कुणीतरी नेईल. किल्ल्याच्या तलावात वा मार्कंडेयीत सोडू नकोस, गप्पी तिथं पसरतात आणि आपल्या इथल्या लहान माशांचं खाणं खातात.

बी-२०३: नाही सोडणार काका. जडपणा तपासायचा कसा? तुमच्याकडे किट आहे ना?

सी-४०१: आहे की. ५ मिली पाण्यात थेंब मोजत टाकायचे, नारिंगी रंग हिरवा झाला की थांबायचं. जितके थेंब तितकी डिग्री. सोपं आहे, लेकीलाच मोजू दे. बागेच्या नळाची एक बाटली आणि टँकची एक, दोन्ही घेऊन ये. नळ आधी दोन मिनिटं सोडून ठेव, पाइपातलं साचलेलं पाणी जाऊ दे, मग भर.

बी-२०३: संध्याकाळी सातला येतो. तोपर्यंत मोलीला खायला घालू का?

सी-४०१: नको, आज उपाशी राहू दे. फिल्टर मात्र बंद करू नकोस.