प्रति: एचएफ काढून गीर घ्यावी का?

वर दादा म्हणताहेत की ऊन वाढत चाललंय तर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विदेशी गाय) सगळ्या विका अन् गीर (ऊन सोसणारी आपली गुजरातची देशी गाय) आणा. अर्धं पटतं, अर्धं नाही. आमच्याकडं सिन्नरला सहा गाई, मागच्या मेमध्ये भर दुपारी जवळपास प्युअर एचएफ असलेल्या दोघी तोंड उघडं टाकून धापा टाकत उभ्या, लाळ गळतीये, खाली बसायला तयार नाहीत, आणि शेजारच्या दावणीची गीर क्रॉस निवांत रवंथ करत बसलेली. दूध घटलंच, पण खरा फटका माजाचा. मुका माज, कळतच नाही, एकीला तीनदा कांडी भरली (कृत्रिम रेतन केलं) तरी उलटली, गाभण राहिलीच नाही, म्हणजे तिला फुकट पोसायचं आणि दूध नसलं तरी ऊन वाढवणारा मिथेन वायू सोडतेच की ती.

म्हणून मला मधला रस्ता, म्हणजे दोन्हींचा क्रॉस, बरा वाटतो. ब्राझीलवाल्यांनी आपलीच गीर नेऊन गिरोलांडो ही जात उभी केली, रक्त ५/८ एचएफचं नि ३/८ गीरचं. आपल्याकडं कांडीवाला जी आणेल ती भरायची, मग रक्ताचं प्रमाण कसं राखणार, वळूचा नंबर कोण लिहितंय (मीपण वही आत्ता आत्ता केली).

इगतपुरी-त्र्यंबककडं, जिथं पाऊस फार, मात्र तिथली देशी डांगी गायच हो. दूध कमी, पण कातडीला तेलकटपणा असतो, पावसात भिजली तरी पाणी निथळून जातं, एचएफ तिथं ओलीत खुरं खराब होऊनच मरेल.

गीरची सेक्स्ड सीमेनची (बहुतेक कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याची) कांडी कोणी वापरलीये का, गाभण राहतात का पहिल्या फटक्यात?