मदत हवी आहे: वाडीचा साकव गेला, ग्रामपंचायत म्हणते आमच्या दप्तरी नोंदच नाही

भांडुपचा_चाकरमानी
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. आमच्या वाडीचा साकव, म्हणजे पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) छोटा पूल, जुलैच्या पावसात गेला, अर्धा स्लॅब कलून पऱ्यात बसलाय आणि पलीकडच्या बाजूला नुसत्या सळया दिसतायत. शाळा, रेशन दुकान, एसटीचा थांबा सगळं पऱ्याच्या पलीकडे. वाडीत बहुतेक म्हातारी माणसं. ग्रामसेवक म्हणतो दप्तरी नोंद नाही, नोंद नाही तर खर्च टाकता येत नाही. सरपंच म्हणतात तुमच्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने बांधलेला ना, मग मंडळानेच बघावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय काढला तर दोन मिनिटांत गुंडाळला. गणपती तोंडावर आलेत, मूर्ती काय डोक्यावर घेऊन पऱ्यातून न्यायची? कलेक्टरकडे तक्रार करू की जिल्हा परिषदेच्या सीईओंकडे एवढंच सांगा. "धीर धरा" वगैरे कृपया नको.

गिरणगावकर
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि गेल्या तीन वर्षांत पंधराव्या वित्त आयोगाचा निधी किती आला, कशावर खर्च झाला एवढंच विचारा. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एकदा अर्ज गेला की कशी पळापळ होते ते बघा. फक्त अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर ठेवा, नाहीतर आपल्याकडे तेवढ्यावरूनच परत पाठवतात.

निवृत्त_शाखा_अभियंता
आधी माहिती द्या. कुठला तालुका? स्पॅन, म्हणजे दोन काठांमधलं अंतर, किती? पऱ्याला पुराचं पाणी स्लॅबवरून जात होतं का खालून? जुना साकव कोणत्या साली, कोणी, कशात बांधला? एवढं कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे हवेत गोळ्या.

चिरेबंदी
अहो सरकारच्या नादी लागूच नका! आमच्या वाडीत पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) असंच झालं होतं. मुंबईची मंडळी मे महिन्यात आली, घरटी वर्गणी काढली, चिरे आणले, पोरांनी वाळू वाहिली, बायकांनी जेवण केलं आणि पाखाडी उभी राहिली. आज इतकी वर्षं झाली, एक चिरा हललेला नाही. एकी पाहिजे फक्त.

निवृत्त_शाखा_अभियंता
पाखाडी वेगळी, साकव वेगळा. पाखाडीचा चिरा निसटला तर माणूस घसरेल, साकव गेला तर माणूस जाईल. हौशी काम नको.

चिरेबंदी
साहेब, तुमच्या खात्याने बांधलेले किती साकव पहिल्याच पावसात गेले त्याची यादी देऊ का? उगाच बोलायला लावू नका.

भांडुपचा_चाकरमानी
तालुका संगमेश्वर, गावाचं नाव देत नाही. स्पॅन साधारण वीस फूट असेल, मी काय मोजला नाही. आजोबांच्या वेळी माडाचे ओंडके टाकलेले होते, नंतर मंडळाने वर्गणी काढून स्लॅब टाकला, साल आठवत नाही, मी तेव्हा शाळेत होतो. परळला आमच्या मंडळाची मीटिंग व्हायची तिथे बाबा मला घेऊन जायचे, वर्गणीचं पुस्तक अजून कोणाकडे तरी असेल. पण हे सगळं आता कशाला? तक्रार कुठे करायची ते सांगा ना.

माजी_सदस्य
मी सासरी ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होते, वसईला आता आले. दादा, कलेक्टर-सीईओ करू नका, तो अर्ज फिरून फिरून बीडीओकडे (गटविकास अधिकाऱ्याकडे) आणि तिथून त्याच ग्रामसेवकाच्या टेबलावर येतो, वर शेरा "नियमानुसार कार्यवाही करावी". ग्रामसेवक खोटं बोलत नाहीये. नमुना २३ म्हणून ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते. सगळे बोलताना "२३ नंबर" म्हणतात. तुमची वाट त्यात नसेल तर सरकारी पैसा टाकताच येत नाही, उद्या ऑडिटला आक्षेप निघाला तर वसुली ग्रामसेवकाच्या पगारातून. मंडळाने स्वतः बांधला त्यामुळे ग्रामपंचायतीचा पै लागला नाही आणि म्हणून नोंदही नाही. कोकणात अशा शेकडो वाटा आहेत.
आता एक विचारते, १५ ऑगस्टला विषय कोणी मांडला? आणि आधी लेखी दिला होता की तिथेच हात वर केला?

भांडुपचा_चाकरमानी
मी स्वतः गेलो होतो की, रात्रीच्या गाडीने. तिथेच मांडला. "ऐनवेळचे विषय" मध्ये.

माजी_सदस्य
तुमचं मतदार यादीत नाव गावात आहे का भांडुपला?

भांडुपचा_चाकरमानी
भांडुपला. पण घर गावात आहे, घरपट्टी आम्ही भरतो, दर शिमग्याला जातो. त्याचा काय संबंध?

माजी_सदस्य
तोच तर संबंध. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव तो ग्रामसभेचा सदस्य. घरपट्टी भरून होत नाही. तुम्ही बोललात, त्यांनी ऐकून घेतलं, पण ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून तुमचं नाव लागणार नाही. वाडीतल्या दोघा मतदारांच्या सहीने सभेच्या आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, म्हणजे विषयपत्रिकेवर घ्यावाच लागेल. ऐनवेळच्या विषयात खर्चाचं काही मंजूर करायचं नसतं, सरपंच त्याचाच फायदा घेतात.

कल्याण_लोकल
मग नाव गावात ट्रान्सफर करा, सोपं आहे. आमच्याकडे निम्म्या लोकांची दोन्हीकडे आहेत.

माजी_सदस्य
दोन्हीकडे नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, असले सल्ले लोकांना देऊ नका.

कल्याण_लोकल
ताई सगळेच करतात, मी काय नवीन सांगितलं का. असो. कोणाला घरपट्टीचा विषय माहितीये का, आमच्या गावी घर अजून आजोबांच्या नावावर आहे, नमुना ८ ला वडलांचं नाव लावायचंय तर मृत्यूचा दाखला सापडत नाहीये.

गिरणगावकर
तुमचा वेगळा धागा काढा राव.
चाकरमानी साहेब, तुम्ही माहिती अधिकार टाकलात का? त्याला मतदार असायची गरज नाही, भांडुपला बसून टाकता येतो. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तर अर्जाशिवायच बघता येतं, गाव निवडा, आराखडा आणि खर्च दोन्ही दिसतात.

भांडुपचा_चाकरमानी
बघितलं आत्ता. हायमास्ट दिवा आणि ग्रामपंचायत ऑफिसला पेव्हर ब्लॉक!! आमच्या साकवाला पैसे नाहीत आणि यांना अंगणात पेव्हर ब्लॉक पाहिजेत.

गिरणगावकर
बघा! म्हटलं नव्हतं? आता दुसरा अर्ज, पेव्हर ब्लॉकची मोजमाप वही (काम किती झालं त्याची नोंद) मागा.

माजी_सदस्य
मोजमाप वहीने साकव उभा राहणार आहे का? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले ६० टक्के बंधित असतात, पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडे वापरता येत नाहीत. उरलेल्या ४० टक्क्यांत छोट्या ग्रामपंचायतीच्या हातात जे येतं त्यात वीस फुटांचा आरसीसी साकव बसणार नाही. भांडण लावून मजा बघायची असेल तर जरूर टाका अर्ज.

निवृत्त_शाखा_अभियंता
ताईंचं बरोबर आहे. साकव ग्रामपंचायतीच्या पैशातून क्वचितच होतात. आमच्या वेळी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग करायचा, आजही बहुतेक तसंच आहे. त्याला कागद लागतात: ग्रामपंचायतीचा ठराव, २३ नंबरचा उतारा, जागामालकाचं संमतीपत्र आणि आमचं एस्टिमेट. एस्टिमेट आम्ही एका दिवसात करायचो. अडकायचं सगळं संमतीपत्रात.
आणि कोणी ह्यूम पाईप (सिमेंटचे मोठे नळ) टाकून वर भराव करा असं सुचवलं तर ऐकू नका. स्वस्त पडतं म्हणून लोक करतात. पहिल्या पुरात पालापाचोळा आणि बांबूचं बेट येऊन पाईपच्या तोंडाशी बसतं, पाणी बाजूने वाट काढतं आणि भराव खणून नेतं. पाईप तिथेच, रस्ता गायब. माझ्या नोकरीत हे डोळ्याने बघितलंय. दोन्ही काठांना खडकापर्यंत पाया नेऊन मोकळा स्पॅन ठेवा, आणि सिमेंटचं काम पऱ्याला पाणी असताना करू नका, म्हणजे दिवाळीनंतरच.

भांडुपचा_चाकरमानी
दिवाळीनंतर?? मी गणपतीचं बोलतोय!

चिरेबंदी
गणपतीला दोन माडाचे ओंडके आणि वर फळ्या, वरून दोरी धरायला. पूर्वजांनी तेच केलं. एका दिवसाचं काम आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता
यावेळी चिरेबंदींशी सहमत. फक्त ओंडके जुन्या स्लॅबवर टेकवू नका, तो सरकेल. काठावर ओंडक्यांसाठी ताजी बैठक करा आणि एका वेळी एकच माणूस.

सातबारा_वाचक
दोन दिवस वाचतोय, मूळ प्रश्न कोणी विचारलाच नाही. साकवाच्या दोन्ही टोकांची जमीन कोणाची?

खारेपाटणचो
ह्या बरोबर विचारलास. आमच्याकडे सात वर्षां रस्तो अडलो तो एका गुंठ्यापायी.

कल्याण_लोकल
गणपती स्पेशलची कोणाकडे कन्फर्म तिकिटं एक्स्ट्रा आहेत का? चौघं आहोत.

भांडुपचा_चाकरमानी
जमीन आमचीच आहे. म्हणजे भावकीची. सामायिक सातबारा.

सातबारा_वाचक
सातबाऱ्यावर नावं किती?

भांडुपचा_चाकरमानी
चौदा. त्यातले काही वारलेत. बाकीचे नालासोपारा, विरार, दोघं ठाण्याला, एक चुलतभाऊ इथेच भांडुपला टेंभीपाड्यात, गावात फक्त काकी.

सातबारा_वाचक
मग तुमचं ग्रामपंचायतीशी भांडण काय आहे? चौदा सह्या मुंबईत आणि तुम्ही ग्रामसेवकाला धरताय गावात. वाट २३ नंबरला लावायची तर हिस्सेदारांचं संमतीपत्र लागणारच. वारलेल्यांच्या वारस नोंदी आधी करा, महसूल खात्याच्या ई-हक्क पोर्टलवर अर्ज ऑनलाइन होतो. आणि गावनकाशाची प्रत काढा. जुनी पायवाट त्यावर तुटक रेषेने दाखवलेली असेल तर तुमचं काम अर्धं सोपं झालं, कारण मग वाट नवीन नाही, वहिवाटीची आहे.

वकिली_टिपणं
तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करा, रस्ता मिळतो.

सातबारा_वाचक
१४३ शेतात जायला बांधावरून वाट मागायची असेल तर. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तेही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. इथे कोणी अडवलेलं नाही, साकव पावसाने नेलाय. पावसावर दावा लावणार का?

वकिली_टिपणं
मी सर्वसाधारण माहिती दिली. एवढं चिडायचं कारण नाही.

माजी_सदस्य
दादा मी क्रम सांगते. अजून उशीर झालेला नाही. २ ऑक्टोबरची ग्रामसभा धरा. तिच्या आधी महिला ग्रामसभा असते, काकींना आणि वाडीतल्या बायकांना तिथे विषय घ्यायला सांगा, पाणी भरायला, रेशनला त्याच जातात, त्यांचा ठराव वर आला की सरपंचाला टाळणं जड जातं. गणपूर्तीची काळजी करू नका, १५ टक्के किंवा शंभर मतदार यातलं जे कमी ते लागतं, आणि नाही जमले तर तहकूब सभेला ती अट नसते. ठराव दोन मागा, एक वाट २३ नंबरला घ्यायचा, दुसरा साकवाचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे पाठवायचा. ठरावाची नक्कल त्याच आठवड्यात हातात घ्या, नाहीतर इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच लिहितात. पंचनामा झालाय का तलाठ्याचा?

भांडुपचा_चाकरमानी
पंचनामा नाही झाला. पोलीस पाटलांनी फोटो काढून नेलेत.

माजी_सदस्य
फोटो तारखेसकट त्यांच्याकडून मागून घ्या आणि तलाठ्याला लेखी द्या. प्रस्तावाला जोडायला उपयोगी पडतं.

गिरणगावकर
एवढं सगळं करून सरपंचाने पेव्हर ब्लॉकच घातले तर? मी अजून म्हणतो, माहिती अधिकार.

चिरेबंदी
गिरणगावकर, तुम्ही तुमच्या सोसायटीत पण माहिती अधिकारच टाकता काय हो?

खारेपाटणचो
😂

भांडुपचा_चाकरमानी
अपडेट देतो. ओंडक्यांचं झालं, पोरांनी कालच टाकले, मूर्ती यंदा त्यावरूनच नेणार. मंडळाची मीटिंग रविवारी आहे, त्यात संमतीपत्राचा विषय घेतोय, विरार-नालासोपाऱ्याचे सही द्यायला तयार आहेत. वारस नोंदीचा अर्ज काकींच्या मुलाने भरला. लोचा टेंभीपाड्याच्या भावाचा झालाय. काल रात्री त्याच्याकडे जाऊन बसलो, चहा झाला, मग म्हणतो सही देतो पण साकवाच्या पलीकडे माझी काजूची कलमं आहेत, जेसीबी आला तर ती जाणार, त्याचं आधी बोला. आता ह्याचं काय करू?

निवृत्त_शाखा_अभियंता
कलमं पऱ्याच्या काठापासून किती फुटांवर आहेत? आणि साकव दोन हात वरच्या अंगाला सरकवायला जागा आहे का?

भांडुपचा_चाकरमानी
वरच्या अंगाला कातळ आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता
मग तर उत्तमच. पाया कातळावरच घ्या, जेसीबी पलीकडे न्यायलाच नको. फोटो टाका.

सातबारा_वाचक
थांबा. वरच्या अंगाचा गट नंबर तोच आहे का दुसरा?

भांडुपचा_चाकरमानी
बघून सांगतो.