मदत हवी आहे : जहाजाकडे फेकायच्या बारीक दोरीला कोळी बोलीत काय म्हणतात?
ऐरोलीतील सातवीच्या मुलांसाठी मी जॉर्ज मॅन्बी (१७६५–१८५४) यांच्यावर टिपण लिहीत आहे. १८०७ मध्ये इंग्लंडमधील यार्मथच्या किनाऱ्याजवळ ‘स्नाइप’ हे जहाज रुतून त्यावरील माणसे बुडताना पाहिल्यावर त्यांनी उखळी तोफेतून दोरी बांधलेला गोळा जहाजावर डागण्याची युक्ती काढली आणि १८०८ मध्ये ‘एलिझाबेथ’वरील सात जण वाचवले. डागताना गोळा आणि दोरी जोडणारी साखळीसुद्धा तुटे. टिकली ती वेणीसारखी गुंफलेली कच्च्या चामड्याची वादी (मुलांना हेच आवडेल).

अडचण शब्दाची आहे. आधी पोहोचणारी बारीक दोरी आणि तिच्या टोकाने ओढून घ्यायचा जाड दोर, यांसाठी शब्दकोशांत वेगळे शब्द मिळाले नाहीत. दिवाळे कोळीवाड्यात विचारले, तेव्हा दोन्हींना ‘दोरच’ म्हणाले. घडवलेला संस्कृत शब्द नको. बंदरावर या दोन दोरांना वेगवेगळी नावे प्रत्यक्ष वापरात आहेत का, आणि असल्यास कोणती?